व्हेरा पिल्ले

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर चार शब्द लिहिले.
नाप्पा. कुओयो. बोत्तेगा. वेरा पेल्ले.
म्हणाल्या, जोडाक्षरावर जीभ टेकवा,
लगेच उचलू नका,
गिऱ्हाइकाचा हात तिथेच पाकिटाकडे जातो.

तेरा जणी आम्ही, काळ्या कोटात,
एका सुरात : पेल्-ले, पेल्-ले.
काचेखाली परळचा रस्ता, अंगावर एसीचा गारवा,
आणि मला घाम फुटला.
या बाईला मी ओळखत होते.
एकवीस वर्षं ती आमच्या घरात होती.

साठ फुटी रस्त्याच्या आत, पोटमाळ्यावर,
बाबा पितळी ठसा तापवतात.
ठशावर अक्षरं उलटी,
चामड्यावर उतरली की सुलटी.
त्यांना दोन्हीकडून सारखीच.
पहिली ऑर्डर दिली तेव्हा ते शेठला म्हणाले होते,
माझ्या कातड्याचे जोडे केले तरी उपकार फिटायचे नाहीत.
शेठ हसला. जोडे नकोत, होटकर, पर्सेस करा.
आणि ठसा हातात ठेवून गेला.

काय लिहिलंय रे ह्याच्यावर?
शेजारच्या सेल्वराजनं डोळे बारीक केले.
व्हेरा... पिल्ले.
मग छाती फुगवून : आमच्यातली आहे.

झालं. पिल्लेबाई आमच्याकडे राहायला आल्या.
त्यांचा बंगला सायन कोळीवाड्याला, हे बाबांनी ठरवलं.
नवरा लवकर गेला, हे आईनं.
स्वभावानं कडक, पण व्यवहाराला चोख.
ठसा तिरका बसला की बाबा जीभ चावायचे,
आता बाई बोलणार.
माल परत आला, बाई रागावल्या.
दिवाळीला ऑर्डर वाढली, बाई पावल्या.
मला दहावीत बासष्ट टक्के पडले तेव्हाही
त्यांचंच उदाहरण :
बाईमाणूस असून बघ,
पर्सेपर्सेवर नाव.

त्या रात्री जेवताना मी सांगून टाकलं.
इटालियन आहे ते, बाबा. नाव नाही कुणाचं.
वेरा म्हणजे खरं.
पेल्ले म्हणजे कातडं.

भाकरीचा तुकडा कालवणात तसाच राहिला.
खरं आहे असं लिहावं लागतंय व्हय त्यांच्यात?
हात लावला की कळत नाय?

आई चुलीकडे तोंड करून म्हणाली,
म्हणजे कुणी बाई नव्हतीच?

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
सुतक असल्यासारखं.
मला वाटलं, कशाला शिकले मी हे चार शब्द.

बाबांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी
भाजल्याचा एक जुना डाग आहे.
दोन उभ्या काड्या, शेजारीशेजारी.
ठसा घसरला होता, मी चौथीत असताना.
लहानपणी मी त्यांना रेल्वेचे रूळ म्हणायचे.
आता कळतं, ते जोडाक्षर आहे,
जीभ टेकवायची ती जागा.

काल दुकानात एकीनं पर्स उघडली,
आतल्या शिक्क्यावरून नख फिरवलं.
ओरिजिनल ना?
शिक्का किंचित डावीकडे कललेला.
किंचित. मलाच दिसेल इतका.
माल कुठून येतो, हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं.
मी जीभ टेकवली. लगेच उचलली नाही.
तिनं कार्ड काढलं.
पर्सेची किंमत सांगणार नाही,
घरीही सांगितलेली नाही.

रात्री बाबा अजून विचारतात,
हात धुताना, माझ्याकडे न बघता :
बाईंचं कसं काय?
बऱ्या आहेत, मी म्हणते.
तुमच्या अंगठ्याची चौकशी करत होत्या.